दादाचा फोन आणि वहिनीचा डबा

माझा थोरला भाऊ पियानो सुरात लावून देतो. लहानपणीच त्याची दृष्टी गेली, पण शहरातला कुठला पियानो कुठल्या पट्टीत कुरकुरतो, हे त्याला तोंडपाठ असतं. शाळा, नाट्यगृहं, हॉटेलं, सगळ्यांकडे त्याचा एकच नंबर: बाहेरच्या खोलीतल्या जुन्या फोनचा. पाचच्या बटणावरचा उंचवटा चाचपून दादा डोळ्याचं पातं लवायच्या आत नंबर फिरवतो. रिसीव्हर खांद्यात धरला की दोन्ही हात मोकळे, मग बोलता बोलता हत्यारं पुसणंही चालू.

एक दिवस फोन कंपनीचा माणूस सांगून गेला की आमच्या गल्लीतल्या तांब्याच्या तारा काढणार, आणि नवी केबल इकडे कधी येईल ते त्यालाही ठाऊक नाही.

"मग मोबाइल घे ना," मी म्हटलं.

"घेतला होता की," दादा म्हणाला. "त्यातली ती बाई मी बोट ठेवीन तिथं काहीतरी वाचून दाखवते. बायकोपेक्षा जास्त बोलते."

"ऐकतेय मी," वहिनी आतून म्हणाली.

वहिनी शहर बस चालवते. घाटातून बस काढावी तशी ती कुठलीही अडचण काढते, घाई न करता, पण थांबतही नाही. आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत तिनं चौकशा केल्या आणि एका संध्याकाळी पिशवीतून एक काळा डबा काढून टेबलावर ठेवला. वर दोन छोट्या अँटेना, पोटात सिमकार्ड.

"हा मोबाइलचं इंटरनेट घेतो," ती मला समजावू लागली. "त्यावरून फोन लावून देणारी एक सेवा आहे, तिच्याकडे आपला नंबर वळवून घेतलाय. आणि आपल्या फोनची वायर भिंतीऐवजी ह्याच्या पाठीत खोचायची. बस्स."

"आणि वीज गेली तर?" दादानं खोडा घातलाच.

"खाली बॅटरी लावलीय. पुढचं बोला."

डबा खिडकीत ठेवला, कारण सिग्नल तिथंच चांगला येत होता. फोन खणखणला तेव्हा आम्ही तिघंही उगाचच हसलो. तोच फोन, तीच घंटा, तोच नंबर, फक्त भिंतीत तार नाही.

पण दोन दिवसांत दादाचा चेहरा पडला. गिऱ्हाईक फोनवरून पियानोची पट्टी वाजवून दाखवी आणि दादा मान हलवत राही. "बोलणं छान ऐकू येतं गं," तो वहिनीला म्हणाला, "पण सूर पाण्याखालून आल्यासारखा थरथरतो. खोट पियानोत आहे की फोनमध्ये, तेच कळत नाही."

मला वाटलं, आता हा डबा अडगळीत जाणार. वहिनी मात्र दुसऱ्या दिवशी दादाचा सूर जुळवायचा जास्तीचा नादकाटा जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून कामावर गेली. तिनं सेवेच्या मदत केंद्रावर विचारून घेतलं होतं. आवाज कमी जागेत मावावा म्हणून तो दाबून पाठवला जात होता. बोलणं कळण्यापुरतं राही आणि बाकीचं गळून जाई. तो कसा पाठवायचा, हे ठरवण्याचे पर्याय मात्र सेवेच्या वेबसाइटवर होते.

दुपारी घरचा फोन वाजला. डेपोच्या ऑफिसातल्या फोनवरून वहिनी बोलत होती.

"अहो, ऐका," ती म्हणाली. नादकाटा टेबलावर आपटल्याचा आवाज आला.

"थरथरतोय," दादा म्हणाला.

ती तिकडे मोबाइलवर एक पर्याय बदले, पुन्हा फोन लावी, पुन्हा काटा आपटी. मागून कुणीतरी विचारत होतं, "काय हो, बसचा हॉर्न बेसूर झाला का?" वहिनी म्हणाली, "नवरा सुरात लावतेय. गप्प बसा जरा."

शेवटी दादा एकदम ताठ बसला. "थांब! हाच. हाच आहे. स्वच्छ!"

पुढच्याच महिन्यात जिन्यावर दादाचा पाय मुरगळला आणि तो पलंगाला खिळला. लांब वायर लावून फोन मी उशाशी आणून ठेवला होता. संध्याकाळी नाट्यगृहातून एका वादक मुलीचा फोन आला. ती रडकुंडीला आली होती. थोड्या वेळात कार्यक्रम होता आणि पियानोतून किरकिर येत होती.

"काका, तार तुटलीय का?"

"आधी वाजव. फोन झाकणाजवळ धर."

तिनं वाजवलं. दादानं डोळे मिटले. मला रिसीव्हरमधून एक बारीकशी झिणझिण ऐकू आली, एवढंच.

"ही तार नाही," तो म्हणाला. "लोखंडावर लोखंड थरथरतंय. कुणाला तरी तोच सूर वाजवत राहायला सांग आणि तू झाकणाच्या बिजागऱ्या एकेक करून बोटानं दाबत जा."

ती दाबत गेली. किरकिर, किरकिर, आणि मग अचानक नुसता सूर, गोल आणि भरलेला.

"थांबली!" ती ओरडली. "काका, थांबली!"

"त्या बिजागरीची खीळ सैल झालीय. आज कागदाची घडी खोचून ठेव. पाय बरा झाला की येतो मी."

तेवढ्यात वहिनी कामावरून आली. मी तिला घाईघाईनं सगळं सांगितलं. ती पलंगाच्या कडेवर बसली आणि तिनं दादाच्या सुजलेल्या पायाखाली आणखी एक उशी सरकवली.

"बिजागरी, फोनवरून?" तिनं विचारलं. "कमाल आहे हं तुमची."

"माझी कसली?" दादा म्हणाला. "ऐकू आलं म्हणून सांगितलं. ते ऐकू येईल असं केलंस तू."

वहिनीनं त्याचा हात हातात घेतला. मी चहा टाकायला आत गेले.