गुरांसाचा रंग

मुखियानं अंगणाच्या कडेलाच थांबून लोखंड आत भिरकावलं. कामी म्हणजे खालच्या जातीचा लोहार; विटाळ नको म्हणून त्याच्या भट्टीपाशी तो कधी आला नव्हता.

"रणधोज, गाडीच्या स्प्रिंगचा पाटा आहे. नवमीला देवीला द्यायच्या रेड्यासाठी हातभर खुकरी कर. एका घावात मान उतरली पाहिजे. नाहीतर माझ्या घराला वर्षभर अपशकुन, आणि तुझ्या घराला मी!"

"मुखियाबा, माझ्या खुकरीनं दुसरा घाव कधी मागितलाय का?" रणधोज हसला.

त्याची बायको सुकमाया हसली नाही. पाट्यावर पिवळ्या रंगाचे तीन वेडेवाकडे पट्टे होते. देउमाननं ते काढले तेव्हा रंगाचा डबा तिनंच धरला होता. तिचा लेक, मुखियाच्या बसवरचा क्लीनर. ब्रेक लागत नाहीत, असं तो मुखियाला दोनदा सांगून आला होता. तिसऱ्यांदा सांगायला दरीतून वर आलाच नाही. आता मुखिया नवी बस घेणार, म्हणून जुन्या बसचं पाप देवीच्या पायाशी धुवायचं होतं.

रणधोजला पट्टे दिसले नाहीत. वर्षभरात त्याच्या डोळ्यांवर साय धरली होती. गावाला ते ठाऊक नव्हतं. तापल्या लोखंडाचा रंग सुकमाया सांगायची आणि तो ठोकायचा. पट्ट्यांचं तिनं सांगितलं असतं तर हा माणूस घण घेऊन मुखियाच्या दारात गेला असता.

तीन दिवस ती भाता ओढत राहिली. ओढता ओढता ओठांत एकच ओळ घोळत होती:

*भात्या रे भात्या, हळू टाक श्वास,*
*लेकरू निजलंय आगीच्या कुशीत.*

"काय गं पुटपुटतेस? लोखंड घाबरेल," तो म्हणाला. "बघ, कसं वळतंय. पोराच्या हातासारखं मऊ."

ती भाता ओढत राहिली.

चौथ्या दिवशी पातं तयार झालं. आता धारेला पाणी द्यायचं. पातं बुडवायचं नाही, किटलीतून फक्त धारेवर पाणी बारीक सोडायचं. तेही लोखंड गुरांसाच्या फुलासारखं लाल झाल्यावरच. त्यापुढे संत्र्याचा रंग येतो, मग मक्याचा. मक्यावर पाणी पडलं की पोलाद फुटतं.

"गुरांस आला का?"

आला होता. निखाऱ्यांत पातं फुललं होतं.

"नाही अजून."

संत्रं झालं.

"आता?"

"थांबा जरा."

मका झाला.

"आता," ती म्हणाली. "गुरांस."

त्यानं किटली तिरकी केली. वाफेचा फूत्कार झाला आणि आत कुठेतरी बारीकसं 'टिंग' वाजलं.

रणधोजनं किटली खाली ठेवली. पातं निवल्यावर धारेवर अंगठा फिरवत चिरेशी आला आणि थांबला.

"तुझा रंग कधी चुकला नाही."

"देउमानच्या बसचा पाटा आहे तो," ती म्हणाली. "त्यानं रंगवलेला."

त्यानं पातं बाजूला ठेवलं. हात घणाकडे गेला, तशी तिनं त्याचं मनगट घट्ट धरलं.

"एक गेलाय," ती म्हणाली.

संध्याकाळी मुखिया अंगणाच्या कडेला आला. तडकलेलं पातं बघून त्याचा आवाज चढला. "कुणी केलं हे?"

सुकमायानं तोंड उघडलं, पण रणधोज तिच्या पुढे येऊन उभा राहिला. वाट चुकल्यासारखे त्याचे डोळे मुखियाच्या खांद्यावर खिळले होते.

"मी. वर्षभर मला दिसत नाही, मुखियाबा. लपवलं होतं. गावात सांगा, रणधोजची भट्टी आजपासून बंद."

"आंधळ्यानं पातं घडवलं!" मुखिया थुंकला. "माझं लोखंड दे."

"ते देणार नाही," रणधोज म्हणाला, आणि पातं छातीशी धरून खाली बसला.