वीणा गळ्यात घेऊन सांगितलेला भाव

डोंबिवलीच्या पश्चिमेला खाडीच्या अंगाने उतरत गेलं की कोपरखार लागतं. मिठागरं मोडली, भातशेतीत खारं पाणी शिरलं, पण गावाचा माघातला सप्ताह मोडला नाही. सात दिवस वीणा खाली टेकत नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. त्यातला दुपारचा बारा ते दोनचा पहारा तेवीस वर्षं गोमाजी भोईराचा. त्या वेळी मांडव रिकामा आणि पोटात भूक, म्हणून तो पहारा कुणाला नको असे. गोमाजीला मात्र तोच हवा. विठोबा आणि आपण, दोघंच.

"दोघं बोलताव तरी काय?" सखुबाई, त्याची बायको, विचारायची.

"वीणा गल्यात असली का बोलत नसतात," गोमाजी सांगायचा.

हे खरंच होतं. कोपरखारात विणेकऱ्याने नामाशिवाय शब्द काढायचा नाही, आणि काढलाच तर तो खरा. बांधाचे दोन-तीन तंटे गावाने असेच मिटवले होते. वीणा गळ्यात घालायची आणि विचारायचं, बोल, बांध कुठे होता?

अठ्ठ्याऐंशीच्या सप्ताहाआधी देवळात बैठक बसली, तेव्हा गोमाजीचा भाचा गोपीनाथ उठून उभा राहिला. तो वागळे इस्टेटला एका कारखान्यात टर्नर होता. वर्गणीची रीत जुनी होती : कमावत्या माणसाने दोन दिवसांचा पगार द्यायचा.

"आठ तास मी मशीनवर उभा राहतो," गोपीनाथ म्हणाला. "ओव्हरटाइम केला तर सरकार पगारातनं कापतं, गावात आलो तर तुम्ही कापता. आणि मामाचे अकरा गुंठे रस्त्याला लोळत पडलेत. पडल्या पडल्या महाग होतायत. त्यांची वर्गणी काय? शून्य!"

"मना कुटं पगार हाय रे?" गोमाजी म्हणाला. लोक हसले.

"पगार नाय, पण भाव हाय ना! तो रस्ता तू बांधलास? लाईटचे खांब तू रोवलेस? सगळ्या गावाने अर्ज केले, मोर्चे नेले, तेव्हा रस्ता झाला. आणि वाढला भाव कुणाच्या जागेचा?"

सगळे प्रभाकरबुवांकडे बघायला लागले. बुवा कल्याणचे, साठीतले, दरवर्षी काल्याचं कीर्तन त्यांचंच. बोलता बोलता त्यांचा हात आपोआप चिपळ्यांकडे जाई.

"पोरगा चुकीचं बोलत नाही," बुवा म्हणाले. "जमीन देवाने केली, तिला किंमत गावाने आणली. जो घाम गाळतो त्याच्याच घामातून आधी का मागावं? ज्याच्याकडे जागा, त्याने जागेच्या भावाप्रमाणे द्यावं. हजाराला एक रुपया."

"पण भाव ठरवायचा कुणी? तलाठ्याने?" मागून कुणीतरी ओरडलं.

"ज्याचा त्याने. वीणा गळ्यात घेऊन."

नोकरदार जास्त होते, ठराव झाला. एकेकाने वीणा घेतली आणि आकडा सांगितला. गोमाजीची पाळी आली. महिन्याभरापूर्वीच एक बिल्डर त्याच्या ओटीवर चहा पिऊन गेला होता. गुंठ्याला वीस हजार म्हणाला होता. गोमाजीने डोळे मिटले. खारटाण आहे, पावसाळ्यात गुडघाभर पाणी असतं, असं त्याने मनातल्या मनात देवाला सांगितलं, आणि तोंडाने म्हणाला, "दोन हजार."

बावीस रुपये भरून तो मोकळा झाला. त्या वर्षी दुपारचा पहारा मात्र त्याला लांबल्यासारखा वाटला.

काल्याच्या दिवशी पंगत बसली. गोपीनाथचा कारखाना त्याच आठवड्यात बंद पडला होता आणि हिशेबाचे पैसे हातात आले होते. लाह्यांचा काला खाता खाता तो म्हणाला, "मामा, एक गुंठा मना दे. लेथ मशीन टाकतो. दोन हजार रोख."

पंगत चावायची थांबली.

"अरे, तो भाव वर्गणीचा! इकायचा भाव येगला असतो."

"म्हणजे वीणा गळ्यात होती तेव्हा तू..." गोपीनाथने पुढचं गिळलं.

गोमाजीने बुवांकडे पाहिलं. बुवा पानातली मिरची बाजूला काढत होते. त्याने खांबाला टांगलेल्या वीणेकडे पाहिलं. खोटं बोललो म्हणावं तर जमीन शाबूत राहील, पण पुढच्या वर्षी दुपारी बाराला तिथे दुसरा कुणी उभा असेल. मग दोन वाजेपर्यंत आपण घरात बसून काय करायचं?

बायकांच्या पंगतीतून सखुबाईचा आवाज आला. "देऊन टाका की. दोन हजाराचीच जागा हाय, तुमीच बोललाव."

"घे," गोमाजी म्हणाला. "मागचा गुंठा घे."

"भाव सगळ्या अकरांचा एकच सांगितलास, मामा. मना रस्त्याकडचा हवा."

हसायची सोय नव्हती, तरी लोक हसले. गोमाजीने उरलेला काला तोंडात टाकला आणि तो बराच वेळ चावत बसला.

पावसाळ्याआधी पत्र्याची शेड उभी राहिली. लेथ फिरायला लागली, बाजूला वेल्डिंगवाला आला, चहाची टपरी आली. बिल्डर पुन्हा ओटीवर येऊन बसला. आता रस्त्याला हालचाल आहे, पंचवीस देतो म्हणाला. गोमाजीने त्याला चहा पाजून परत पाठवलं.

पुढच्या माघात सप्ताह बसायच्या दिवशीच सकाळी पुन्हा बैठक बसली. गोमाजी न बोलावता पुढे गेला, वीणा गळ्यात घेतली आणि डोळे उघडे ठेवून म्हणाला, "धा गुंठे. गुंठ्याला पंचवीस हजार."

 त्याने धोतराच्या सोग्यातून अडीचशे रुपये काढून बुवांसमोर ठेवले. नोटा अगोदरच मोजून आणलेल्या होत्या.

मग त्याने वीणा उतरवली आणि शेजारी बसलेल्या गोपीनाथच्या गळ्यात घातली.

"बोल, भाच्या. तुजा गुंठा. माज्या जागेला लागूनच हाय, आन् रस्त्याकडचा."

गोपीनाथने घसा खाकरला. पुन्हा खाकरला. प्रभाकरबुवांनी हळूच चिपळ्या हातात घेतल्या.

"पंचवीस," गोपीनाथ म्हणाला.

"मना वाटलं तीस बोलशील," गोमाजी म्हणाला, आणि बारा वाजत आले होते म्हणून हात पुढे करून त्याने वीणा परत घेतली.