गनला पाजलेलं नारळपाणी

ज्ञानूच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती. बाकीची दोन शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीनं अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत ठेवून घेतली होती. पुढं ती फाउंड्री बंद पडली आणि ज्ञानू नागावातल्या घरी बसला. तीन बोटांच्या पन्नाशीतल्या माणसाला कोण कामावर घेतंय? दोन वर्षं त्यानं बायकोच्या, बाळाबाईच्या, तोंडाकडं बघत काढली. मग उदयसिंहानं हायवेवरच्या आपल्या हॉटेलाबाहेर इलेक्ट्रिक गाड्यांचं चार्जिंग स्टेशन काढलं. तिथं खुर्ची टाकून बसायला कुणीतरी हवं होतं, म्हणून ज्ञानूला बोलावणं आलं.

नुसतं बसायलाच ठेवला होता बरं का. गाडी आली की उठायचं, गाडीवाला काय करतो ते बघायचं, आणि परत बसायचं. पण ज्ञानूला नुसतं बसणं माहीत नव्हतं. उदयसिंहाची बायको क्रांती इंजिनियरिंग शिकलेली होती. सासरी आल्यावर त्या शिक्षणाचा उपयोग हॉटेलचे व्हिडिओ काढण्यापलीकडं राहिला नव्हता, त्यामुळं शिकवायला माणूस मिळाल्यावर तिलाही बरं वाटलं. आठ दिवस तिनं त्याला सगळं समजावून सांगितलं. गाडीच्या चार्जिंगच्या तोंडात वर सात भोकं असतात, ती मंद करंटची, घरी रात्रभर लावून ठेवायची. खाली दोन जाड भोकं असतात, ती हायवेवरच्या वेगवान करंटची. त्यामुळं मंद चार्जरची गन, म्हणजे केबलच्या टोकाची मूठ, नुसती वरच्या भागात बसते, आणि वेगवान चार्जरची जाडजूड गन वर-खाली दोन्हीकडं बसते. काही जुन्या गाड्यांचं तोंडच निराळं असतं. त्यांना इथली कुठलीच गन बसत नाही आणि जोर लावून बसवायचीही नाही.

आणि गन बसली म्हणून लगेच करंट सुटत नाही, असंही तिनं सांगितलं. आधी गाडी आणि चार्जर एकमेकांशी बोलतात. सगळं जागेवर आहे ना, करंट भलतीकडं तर गळत नाही ना, हे तपासतात, आणि पटलं तरच करंट सोडतात. हे ज्ञानूला फार आवडलं. फाउंड्रीत त्याची बोटं गेली त्या दिवशी बटण दाबणाऱ्यानं काहीच विचारलं नव्हतं.

महिन्याभरात तो डोळे मिटून, उरलेल्या तीन बोटांनी चाचपून कुठली गन कुठली ते सांगू लागला. बेळगावचा एक गाडीवाला आपल्या जुन्या गाडीच्या तोंडात जाड गन कोंबायला लागला, तेव्हा ज्ञानूनं त्याचा हात धरला. पावणं, दमानं घ्या, ही गन तुमच्या गाडीची न्हवं, असं म्हणून डिकीतली त्याचीच केबल काढायला लावली आणि हॉटेलच्या भटारखान्यातल्या जाड प्लगावर गाडी लावून दिली. पावण्याला तीन तास बसावं लागलं, पण गाडी वाचली. तेव्हापासून येणारे-जाणारे त्याला मास्तर म्हणू लागले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मास्तर म्हणत होतं. ती खुर्ची आता त्याला पगारापेक्षा मोठी वाटत होती, आणि ती जाऊ नये एवढंच त्याचं मागणं होतं.

आली खंडेनवमी. आपल्याकडं या दिवशी हत्यारांची पूजा होते. स्टेशनची ही पहिलीच खंडेनवमी. ज्ञानूनं पहाटे येऊन चार्जर पुसला, झेंडूची माळ घातली, त्याच्या लोखंडी दारावर हळदीकुंकवाची बोटं ओढली, आणि गनची तोंडं मात्र रबरी टोपणं घालून बंद ठेवली. दहा वाजता घरची मंडळी आली. उदयसिंह कडक इस्त्रीत, त्याची आई चिमणाबाई पूजेचं ताट घेऊन, आणि क्रांती मोबाइल घेऊन. शेजारी उदयसिंहाची नवी कोरी इलेक्ट्रिक गाडी उभी होती. पूजा झाली की पहिलं चार्जिंग तिचंच करायचं आणि त्याचा व्हिडिओ टाकायचा, असा बेत होता.

चिमणाबाईंनी टोपणं बघितली आणि त्यांचा पारा चढला.

"आरं, देवाचं त्वांड झाकून गाभाऱ्याच्या भिताडाला कुंकू लावतोस व्हय?"

ज्ञानूनं हात जोडले. "आईसाब, त्या भोकात पाणी नगा घालू. नारळाचं पाणी खारं असतंय. आत ऱ्हायलं तर करंट भलतीकडं जातोय."

"अठ्ठावीस वर्सं भट्टीला नारळ वाढवलास, तवा कुठं गेलतं हे शानपण?" उदयसिंह म्हणाला.

"भट्टी गिळतीया, दादा. हे गिळत न्हाय."

बघायला जमलेले हॉटेलातले सगळे हसले. उदयसिंह हसला नाही. नोकरानं चार माणसांत शिकवावं हे कोल्हापुरी मालकाला कसं सोसेल? ज्ञानूनं क्रांतीकडं बघितलं. तिनंच शिकवलेलं होतं, एक शब्द बोलली असती तर भागलं असतं. तो म्हणाला, "वैनी, तुमीच सांगिटलंय की. पाया पडतो, सांगा की यांस्नी."

मोबाइलमागून क्रांती गोड आवाजात म्हणाली, "काका, जरा उजवीकडं सरका. गाडी दिसत नाहीय."

उदयसिंहानं नारळ फोडला, आणि पाण्यानं भरलेलं भकल स्वतः न ओतता ज्ञानूच्या तीन बोटांत दिलं. आता तूच पाज, नाहीतर खुर्ची उचलून चालायला लाग, असं तो अगदी हळू आवाजात म्हणाला. इथं ज्ञानूनं भकल खाली ठेवून घरची वाट धरायला हवी होती, असं आपण म्हणू. आपल्याला पाचही बोटं आहेत. ज्ञानूनं टोपण काढलं, चिमणाबाईंनी प्रत्येक भोकात चिमूटभर कुंकू भरलं, आणि त्यानं वरून नारळाचं पाणी सोडलं. मग गाडीच्या तोंडाचीही तशीच पूजा झाली. तो फडक्यानं पुसायला लागला, तर जेवणं खोळंबलीत म्हणून उदयसिंहानं त्याला बाजूला ढकललं आणि गन स्वतःच्या हातानं गाडीत बसवली. आत खट्ट झालं. चार्जरचा हिरवा दिवा लाल झाला, आणि गन गाडीच्या तोंडातच अडकून बसली.

दसऱ्याला रस्त्यावर गाड्यांची रीघ होती आणि स्टेशन बंद. उदयसिंहानं ज्ञानूला गेटवर उभं केलं. येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात जोडून सांगायचं, माझ्या चुकीनं बंद पडलंय, माफ करा. सकाळपासून तो सांगत होता. काही जणांनी शिव्या घातल्या, एकानं 'मास्तर, तुम्ही पण?' असं म्हणून मान हलवली. ती मान हलवणं त्याला शिव्यांपेक्षा जास्त लागलं. संध्याकाळी चिमणाबाई आपट्याची पानं वाटत आल्या. ज्ञानूच्याही हातावर त्यांनी पान ठेवलं. "सोनं घे. आन पुन्यांदा असलं काय करू नगंस," त्या सगळ्यांसमोर मायेनं म्हणाल्या. सणासुदीला वाद नको म्हणून तो वाकला आणि त्यांच्या पाया पडला.

चार दिवसांनी कंपनीचा इंजिनियर आला. अडकलेली गन सोडवली तर आत कुंकवाचा चिखल, आणि त्यावर मुंग्या. गाडीच्या तोंडातही तेच. हे कुणी केलं, असं त्यानं विचारलं. उदयसिंहानं ज्ञानूकडं बघितलं. चिमणाबाई म्हणाल्या, अडाणी माणूस, भक्तीनं केलंय बिचाऱ्यानं.

ज्ञानू पुढं आला. त्याच्याकडं एक पुरावा होता. वैनींनी सगळं मोबाइलवर घेतलंय, तेच बघा, असं त्यानं इंजिनियरला सांगितलं. क्रांतीनं जराही आढेवेढे न घेता मोबाइल पुढं केला. तिनं तो व्हिडिओ तेव्हाच हॉटेलच्या पेजवर टाकला होता. झेंडूची माळ, नवी गाडी, आणि मधोमध हात जोडून उभा ज्ञानू. त्याचे ओठ भराभरा हलत होते. आवाज मात्र त्याचा नव्हता. वर हलगी आणि तुतारी लावलेली होती. हलगीच्या ठेक्यावर त्यानं भकल उचललं आणि गनच्या तोंडात पाणी सोडलं.

"काका कसला मंत्र म्हणत होते?" इंजिनियरनं हसून विचारलं.

मूळ व्हिडिओ कुठाय, असं ज्ञानूनं विचारलं. मोबाइलमध्ये जागा नव्हती म्हणून डिलीट झाला, असं क्रांती म्हणाली. ती खोटं बोलत होती की खरं, कोण जाणे. ज्ञानूकडं मात्र तिनं बघितलं नाही. मग उदयसिंहानं त्याला आत नेलं आणि खांद्यावर हात ठेवला. कंपनीच्या कागदावर चूक कुणाची ते लिहावं लागतं, नुसता कागद आहे, सही कर, तुझी खुर्ची तशीच राहील, असं तो म्हणाला. आयुष्यभर यंत्रांची तोंडं ओळखणाऱ्या माणसाला माणसाचं तोंड ओळखता आलं नाही. त्यानं तीन बोटांत पेन धरून सही केली.

पंधरा दिवसांनी नवी गन बसली. ज्ञानू कामावर गेला, तर खुर्ची नव्हती. खुर्चीच्या जागी मोठा पिवळा बोर्ड उभा होता. क्रांतीनं छान अक्षरात छापून आणला होता. वरची सात भोकं मंद करंटची, खालची दोन जाड भोकं वेगवान करंटची. जोर लावू नये. पावणं, दमानं घ्या. भोकात पाणी घालू नये, नारळाचं पाणी खारं असतं. शब्दन्‌शब्द ज्ञानूच्या तोंडचा होता. आता सगळं लिहिलंय, माणसाची गरज नाही, असं उदयसिंहानं गल्ल्यावर बसूनच सांगितलं.

भर दुपारी तो घरी आला. बाळाबाईनं शेजारणीचा मोबाइल मागून आणला होता. व्हिडिओ सगळ्या नागावात फिरत होता, पोरी-बाळी त्या हलगीवर नाचत होत्या. त्यानं मोबाइल हातात घेतला, आवाज बंद केला, आणि पडद्यावरचे ओठ हलायला लागल्यावर त्याच वेगानं मोठ्यानं बोलू लागला. "आईसाब, त्या भोकात पाणी नगा घालू. वैनी, तुमीच सांगिटलंय की. पाया पडतो." संपलं की पुन्हा सुरू करत होता. तिसऱ्यांदा शब्द आणि ओठ अगदी जुळले. त्यानं बाळाबाईकडं बघितलं.

ती मन लावून बघत होती. तिचे डोळे भरून आले होते.

"पटलं मला," ती म्हणाली. "तुमी सांगिटलंसा. पर कागदावर सही तुमचीच हाय की."

मग तिनं पदरानं मोबाइल पुसला आणि शेजारणीला परत द्यायला गेली.