मिस्त्रीचा मोबाइल आणि न निघणारे ॲप

मित्रांनो, माझ्या काचेच्या डाव्या कोपऱ्यात एक तडा आहे. पाठीवर वार्निशचा वाळलेला डाग आहे, आणि चार्जिंगची पिन थोडी वाकडी धरली तरच ती मला लागते. यावरून तुम्ही ओळखले असेलच, की मी एक जुना मोबाइल आहे. माझे वय सहा वर्षे. माणसांत या वयात पहिलीला जातात. आमच्यात या वयाला म्हातारपण म्हणतात. पण माझी स्मरणशक्ती अजून शाबूत आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. धुळीचा कणही आत येऊ नये म्हणून तिथली माणसे डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घालत. कुणी मला बॅटरी बसवली, कुणी काच. मग एका यंत्राने माझी काच चारशे ठिकाणी दाबून पाहिली आणि मी चारशे वेळा बरोबर जागा सांगितली. तेव्हापासून मला स्वतःबद्दल एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. मला दाबले की मी ऐकतो. दाबणाऱ्याला काय हवे होते, हे मात्र मला कळत नाही.

सणसवाडीच्या एका दुकानातून इम्तियाजने मला विकत घेतले. तो तेव्हा तिथल्या कंपनीत मोटारींच्या कॉइल गुंडाळायचा आणि भाड्याच्या खोलीत राहायचा. दुकानदाराने विचारले, "भाषा कौनसी रखू?" इम्तियाजला पाळीवर जायची घाई होती. तो म्हणाला, "जो है वही रहने दो." त्यामुळे पुढे कितीतरी वर्षे मी त्याला सगळे प्रश्न इंग्रजीतच विचारत राहिलो.

दोन वर्षांनी इम्तियाज आपल्या गावी, न्हावऱ्याला परतला आणि एसटी स्टँडजवळ त्याने पाण्याच्या मोटारी भरून देण्याचे दुकान टाकले. मोटार जळली की तिच्यातली जुनी तार काढायची आणि नवी भरायची, असे ते काम. माझे खरे दिवस तिथे सुरू झाले. मी विहिरीत उजेड पाडला. कुरकुरणाऱ्या मोटारींचे आवाज मी टिपून ठेवले. माझ्यात सहाशे चौदा नंबर होते आणि त्यांची नावेही मोटारीच्या हॉर्सपॉवरवरून आणि जागेवरून ठेवलेली होती: 'बबनराव साडेसात विहीर', 'कस्तुराबाई पाच बोअर'. एकदा मी ऐकवलेल्या आवाजावरून बेअरिंगचा दोष सापडला, तेव्हा बबनराव म्हणाले होते, "मिस्त्रीपरीस मिस्त्रीचा मोबाइल शाना हाय!" त्या दिवशी माझी बॅटरी जरा जास्तच टिकली असे मला वाटते. विज्ञानाला हे मान्य नसेल.

आमच्याकडच्या शेतकऱ्यांना मोबाइल नुसता बोलायला लागत नाही. मळ्यातल्या स्टार्टरच्या पेटीत एक सिमकार्ड असते. घरून त्या नंबरला फोन लावायचा. पेटी फोन उचलते. एक दाबला की मोटार चालू, दोन दाबला की बंद. पण मोटार चालायला तीन फेजची वीज हवी, आणि ती एका आठवड्यात दिवसा तर दुसऱ्या आठवड्यात रात्री येते. मधेच वेळ बदलली तर लोक वीज मंडळाला विचारत नसत, मिस्त्रीला विचारत. "मिस्त्री, लाईट कवा हाय?" दिवसातून चाळीस वेळा हा प्रश्न माझ्यातून इम्तियाजच्या कानात जाई, आणि तो चाळीसही वेळा न चिडता उत्तर देई. म्हणूनच त्याचा शब्द गावात चालायचा. मिस्त्री म्हणाला दाबा, की लोक दाबायचे.

एके दुपारी एका ग्रुपवर फाईल आली. 'तीन फेज वेळापत्रक. गावाचे नाव टाका, लाईट कधी येणार ते कळेल.' इम्तियाजला ती देवाने धाडल्यासारखी वाटली. त्याने ती उघडली. मी पहिला प्रश्न विचारला: ही फाईल अनोळखी ठिकाणाहून आली आहे, घेऊ का? दुसरा विचारला: हिला माझ्या पडद्यावरचे सगळे वाचू देऊ का? तिसरा: हिला मालकाचे अधिकार देऊ का? मी विचारले, पण इंग्रजीत. त्याच वेळी फाईलने आपले मराठी पान पुढे केले आणि त्यावर लिहिले होते, 'हिरवे बटण दाबा.'

मित्रांनो, मोटार मिस्त्रीचा हात कसा घडतो ते तुम्हाला सांगतो. स्टार्टरवर दोन बटणे असतात. हिरवे चालू करायचे, लाल बंद करायचे. इम्तियाजच्या अंगठ्याने आयुष्यात हजारो वेळा हिरवे बटण दाबले होते आणि दर वेळी पाणी आले होते. त्याने तीनदा हिरवे दाबले. मी तीनदा ऐकले.

ॲप खोटे नव्हते, हीच त्यातली चलाखी. वेळा बरोबर दाखवत होते. पण त्याने आपल्यामागून दुसरे एक ॲप गुपचूप आत घेतले. त्याला ना चित्र होते, ना ओळखीचे नाव. त्याने मालकाचे अधिकार घेतले, माझा पडदा वाचू लागले आणि माझ्यातून जाहिराती दाखवू लागले. इम्तियाज त्याला काढायला सेटिंगमध्ये गेला, की तेच ॲप त्याच्या आधी 'मागे' दाबायचे आणि पडदा उडी मारून पहिल्या पानावर यायचा. काढून टाकायचे बटण फिकट पडले होते. दाबले तरी हलत नव्हते. मी तापू लागलो. दुपारपर्यंत माझी बॅटरी संपू लागली.

"म्हातारं झालंय," इम्तियाज म्हणाला आणि मला बाकावर तारांच्या भेंडोळ्याशेजारी टाकू लागला. ते मला लागले. पण त्याहून वाईट गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. ते ॲप माझ्यातल्या सहाशे चौदा जणांना इम्तियाजच्या नावाने, त्याच्या फोटोसकट तीच फाईल पाठवत होते, आणि पाठवल्याची खूण माझ्यातून पुसून टाकत होते.

एका सकाळी बबनराव पिकअपमधून आपली साडेसातची मोटार घेऊन आले. कस्तुराबाई आधीच दुकानात बसल्या होत्या.

"मिस्त्री, आधी वास घ्या," बबनराव म्हणाले.

मला वास येत नाही, पण इम्तियाजचा चेहरा पडलेला मला दिसला. "कोरडी पळाली का आप्पा?"

"पळाली न्हाई, पळवली! विहिरीनं तळ दावला म्हून म्या फोन लावला. दोन दाबाया गेलो, तर पडद्यावर साबणाची जाहिरात. ही घालवावी तर दुसरी. त्यातली बाई हसतीया आन् हिकडं माझी मोटार जळतीया. मळ्यात पळत जास्तोवर धूर निघाला व्हता."

"माझ्या बी मोबाइलात हाय की ती बाई!" कस्तुराबाई म्हणाल्या. "मिस्त्री, तुम्ही ते लाईटचं धाडलं ना, तवापासनं."

"मी? मी कुठं काय धाडलं?"

कस्तुराबाईंनी आपला मोबाइल पुढे केला. त्यात इम्तियाजचे नाव होते, फोटो होता, फाईल होती. खाली त्यांचे उत्तर होते, 'मोबाइलात टाकलं बाबा.'

बबनरावांनी आपलाही मोबाइल काढून पाहिला. तीच फाईल. ते इम्तियाजकडे वळले. म्हणाले, "आत्ता उजेड पडला. मोटार जळली की माणूस येनार कुणाकडं? मिस्त्रीकडं. लई झाक धंदा काढलाय."

"आप्पा, असं काय बोलता?"

"मी न्हाई बोलत, तुमचा मोबाइल बोलतोय." त्यांनी मोटार परत गाडीत चढवली. "शिरूरला देतो भराया."

गाडी गेली. कस्तुराबाईही उठून गेल्या. मिस्त्रीची हत्यारे पुन्हा विकत मिळतात. पण मिस्त्री मुद्दाम मोटारी जाळतो, असे एकदा गावाने म्हटले, की पुढे त्याच्या दारात कोण मोटार आणणार?

त्याच दुपारी त्याची बहीण तहमीना आली. ती रसायनशास्त्रात बीएस्सी झाली आहे, कुरकुंभच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते आणि दौंडला राहते. सुट्टीला ती घरी येते.

"हा मोबाइल आता विहिरीतच टाकतो," घडले ते सगळे तिला सांगून इम्तियाज म्हणाला.

"टाक की, भाई. पण ज्यांना ती फाईल गेली ते बाकीचे सहाशे कुठं टाकशील? एवढी मोठी विहीर आहे का कुणाची?"

तिने मला उचलले. इतक्या दिवसांत मला कुणी असे नीट पाहिले नव्हते. ती कागद घेऊन बसली आणि लिहू लागली. किती वेळात तापतो. कोणते पान उघडले की उडी मारतो. कोणते ॲप किती डेटा खाते.

"लिहीत काय बसलीस? काढून टाक ना."

"आधी कळू तर दे काय काढायचंय. नमुना न तपासताच औषध घालतात का?"

मग तिने माझे बंद करायचे बटण धरले आणि मला सेफ मोडमध्ये चालू केले. मित्रांनो, सेफ मोड म्हणजे काय? कारखान्यातून माझ्याबरोबर आलेले तेवढे जागे राहतात आणि नंतर आत आलेले सगळे झोपून राहतात. पडदा आता उडी मारीना. तिने मालकाचे अधिकार असलेल्यांची यादी उघडली. त्यात एक नाव होते, 'सिस्टिम सर्व्हिस', आणि चित्राच्या जागी नुसता पांढरा चौकोन.

"हे बघ," ती म्हणाली. "पाहुणा म्हणून आला आणि सातबाऱ्यावर नाव लावून बसला."

तिने त्याच्यापुढची खूण काढली. फिकट बटण लगेच ठळक झाले. ते तिने दाबले. मग ते वेळापत्रकाचे ॲपही काढले, सगळे पिन आणि पासवर्ड बदलले आणि शेवटी माझी भाषा मराठी केली. अर्ध्या तासात मी गार झालो. माझ्यात बिघाड नव्हताच. मी फक्त सांगितलेले ऐकत होतो.

इम्तियाजने मला घाईने हातात घेतले. "आता सगळ्यांना मेसेज टाकतो, ते ॲप काढा म्हणून."

"याच मोबाइलवरून? तुझ्याच नावानं? आता कोण उघडेल तो?"

इम्तियाजचा अंगठा हवेतच राहिला. "मग तोंडानं सांगावं लागेल."

"हो."

"सगळ्यांसमोर? हसतील, तहमीना. मिस्त्रीला बटण कळत नाही म्हणतील."

"हसू देत. हसणारा माणूस ऐकतो तरी. आज गप्प राहिलास तर आप्पा म्हणाले तेच गावात खरं ठरेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही दूध डेअरीवर गेलो. मी त्याच्या वरच्या खिशात होतो. कॅन घेऊन रांगेत पन्नासेक माणसे उभी होती. बबनराव मधेच होते.

"जरा ऐका," इम्तियाज म्हणाला. "लाईटच्या ॲपची फाईल तुमच्या मोबाइलात आली ती माझ्या मोबाइलवरून. मी पाठवली नाही. पण माझ्या मोबाइलात ते मीच घेतलं. मोबाइलनं तीनदा विचारलं, मी न वाचता तीनदा हिरवं दाबलं. चूक माझी आहे. ज्याच्या मोबाइलात ते आहे त्याला मी आत्ता इथंच काढून देतो."

"मिस्त्री, हिरवं दाबल्यावर पानी न्हाई आलं व्हय?" मागून कुणी तरी म्हणाले आणि रांग हसली.

इम्तियाजही हसला. "आलं ना. डोळ्यात आलं."

बबनराव हसले नाहीत. त्यांनी कॅन खाली ठेवला. "मोटार जळली त्याचं काय?"

"आप्पा, जाहिरात माझ्यामुळं आली. मोटार मी भरून देतो."

बबनराव रांगेकडे वळून म्हणाले, "आता माझं बी ऐका. पानी संपलं की मोटार आपोआप बंद पडायची सोय माझ्या पेटीत व्हती. सारखी बंद पडती म्हून तिची वायर म्याच काढून टाकली. ह्यानं तवाच सांगितलं व्हतं, आप्पा, काढू नका. काल मला ते आठवत व्हतं. तरी म्या त्याला दुकानात न्हाई न्हाई ते बोललो."

त्यांनी कॅन पुन्हा उचलला.

"मोटार गाडीतच हाय," बबनराव हळूच म्हणाले. "शिरूरला नेलीच न्हाई. वायर पहिल्यासारखी जोडून दे आन् मोटार तूच भर."

"दोघांचं झालं असंल तर रांग सोडा!" कस्तुराबाई ओरडल्या. "दूध नासाया लागलं. आन् मिस्त्री, पयला माझा मोबाइल!"

डेअरीच्या पायरीवर बसून इम्तियाजने दुपारपर्यंत एकवीस मोबाइल साफ केले. तहमीनाने पहिले तीन करून दाखवले आणि ती ड्यूटीला गेली. बाकीचे त्याने केले. प्रत्येकाची भाषाही त्याने मराठी करून दिली. पुढच्या पंधरा दिवसांत आणखी पन्नास जण आले. बबनरावांची मोटार आता पाणी संपले की आपोआप बंद पडते आणि बबनराव तिला शिव्या देतात, पण वायरीला हात लावत नाहीत.

मित्रांनो, मला जपा म्हणजे नुसती माझी काच पुसा, असे मी म्हणत नाही. मी प्रश्न विचारतो तेव्हा तो वाचा. कळेल अशा भाषेत मला बोलायला लावा. नाहीच कळले तर काहीही दाबू नका, मी वाट पाहीन. मला कसलीच घाई नसते. आणि इतके करूनही चूक झालीच, तर ती सांगायचे काम माझ्यावर सोपवू नका. तुमचा आवाज मी कितीही लांब पोचवीन. पण चूक आपली आहे हे सांगायला तुम्हालाच पायी जावे लागेल. मी खिशात बसून बरोबर येईन.