दोन उतार कापणारे पाते

मित्रांनो, तोकुजींच्या शेवटच्या दिवशी सकाळी काहीच वेगळे घडले नाही. त्यांनी भाताचा गोळा खाल्ला, मला हिणवले आणि ते कामाला लागले. मी करवतीचे एक गोल पाते आहे, आता बोथटलेले. जपानमधल्या तोकुशिमा शहरात, घरातल्या मृतांसाठी देव्हारे बनवणाऱ्या इसोबे बापलेकीच्या कारखान्यात मी राबले.

माझे दात दोन्ही अंगांनी उतरते घासलेले आहेत. फळीवरून एकदा फिरले की दरीसारखी खाच पडते. तळाशी कागदाएवढा पापुद्रा राखायचा आणि फळी तिथे दुमडायची. कोपरा मिटतो, लाकडाच्या रेषा न तुटता वळतात. साध्या पात्यालाही हे जमते. करवत पंचेचाळीस अंशांत तिरकी करून दोनदा कापायचे, एवढेच.

"मग ही महाराणी कशाला?" तोकुजी म्हणत.

त्यांच्या लेकीने, नात्सुएने, मला आणले ते त्यांच्याच काळजीने. चहाचा पेला धरताना त्यांचा हात थरथरे. करवतीपाशी तो कधी थरथरला नव्हता, पण ती भ्यायली होती. माझ्या भरवशावर काम तिच्यावर सोपवून त्यांनी करवत सोडावी असे तिला वाटे आणि ते ऐकत नसत.

त्या दिवशी व्यापारी ओनिशी आले होते. नात्सुए म्हणाली, "बाबा, एकदा होऊनच जाऊ दे. तुमचं पातं आणि माझं पातं. हरेल त्यानं करवत सोडायची."

"तू हरलीस तर महाराणी भंगारात," तोकुजी म्हणाले. "ओनिशीसान, हसताना चहा सांडू नका."

"हसतोय कुठं? मी तुमच्याच बाजूचा."

तोकुजी फळी निवडायला माळ्यावर गेले. कलवलेली करवत बरोबर पंचेचाळीस अंशांवर अडावी म्हणून खाली एक स्क्रू असतो. तीस वर्षे ते कोन मोजत नव्हते. करवत त्या स्क्रूला टेकेपर्यंत कलवायची, की झाले. "मोजतो तो शिकाऊ," असे ते म्हणत. ओनिशी तंबाखू शोधायला वळले, तेवढ्यात नात्सुएने तो स्क्रू पाव फेरा फिरवला. मी खुंटीवरून पाहत होते.

मला कलावे लागत नाही, माझा कोपरा मिटला. त्यांच्या कोपऱ्यात नख शिरले.

"पाहिलंत?" नात्सुए म्हणाली. "हात गेला तुमचा. उद्यापासून बसून पॉलिश करा. तुमची बोटं वेचायला मला वेळ नाही."

"वय झालं हो," ओनिशी पुटपुटले.

तोकुजींनी आपला हात उलटासुलटा करून पाहिला. संध्याकाळी तिने स्क्रू पूर्ववत केला. दुसऱ्या दिवशी ते अंथरुणातून उठलेच नाहीत.

पुढे माझे नाव झाले. म्हाताऱ्या कारागिराला हरवणारे पाते म्हणून लोक मला बघायला येत. नात्सुए मला पुसून, तेल लावून ठेवी आणि माझ्याकडे बघत नसे. वडिलांसाठी देव्हारा करायला बसली, तेव्हा तिने त्यांचेच साधे पाते लावले. करवत स्क्रूला टेकवली, मोजले नाही. चारही कोपरे असे मिटले की केससुद्धा शिरू नये.

मित्रांनो, खरे ते सांगते. महिन्याला शंभर कोपरे दुमडायचे असतील तर मी कामाची आहे. पण मला धार लावायला दूर पाठवावे लागते, गावच्या धारवाल्याने घासले की माझा कोन बिघडतो. ज्याच्या हाताला कोन कळतो त्याचे माझ्यावाचून अडत नाही. अवजाराची निगा जरूर राखा. पण त्याला पुढे करून कुणाचा हात खोटा पाडू नका. गंज घासून काढता येतो, हे काढता येत नाही.

मृत्यूनंतर एकोणपन्नासाव्या दिवशी मृताच्या नावाची पाटी नव्या देव्हाऱ्यात बसवतात. पाहुण्यांसाठी घर आणि कारखान्यामधले सरकते दार उघडे होते, म्हणून मला सगळे दिसले. भिक्षूचे पठण संपले. ओनिशींनी देव्हाऱ्याच्या कोपऱ्यावर बोट फिरवले.

"बघा, त्या पात्याची करामत. तोकुजींना हे जमलं नसतं. शेवटी हातच गेला होता बिचाऱ्यांचा. माझ्यासमोर हरले."

नातेवाईकांनी माना डोलावल्या. एक मावशी म्हणाली, "लेकीनं नाव राखलं."

नात्सुए उदबत्ती लावत होती. ती उठली नाही, मागे वळली नाही. वडिलांच्या फोटोकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"बाबा, तुमचा हात गेला नव्हता. स्क्रू मी फिरवला होता."