काकाचे दात कसे होते?

पडताना माणूस हात पुढे टेकतो. माझ्या काकाने दोन्ही हात वर धरले, कारण हातात क्लॅरिनेट होतं. वाद्यवृंदाच्या तालमीत मंचाची पायरी चुकली आणि स्वारी थेट तोंडावर आपटली. क्लॅरिनेटला ओरखडाही नाही. वरचे पुढचे दोन दात मात्र गेले. काकूने कपाळावर हात मारून घेतला.

मला नसत्या चौकशांची खोड आहे, त्यामुळे मी काकाचं तोंड रोज न्याहाळत होते. वरचा ओठ आत गेला. ‘स’ म्हणताना शिट्टी वाजू लागली. सफरचंद सुरीने कापून बाजूच्या दातांनी चावायचं, हसू आलं की रुमाल तोंडावर. घरात नवी नवरी आणल्यासारखं वाटतंय, असं काकू म्हणायची. पण काकाचं दुखणं वेगळंच होतं. क्लॅरिनेटच्या तोंडात धरायच्या टोकावर, म्हणजे माउथपीसवर, वरचे दात टेकवून फुंकायचं असतं. दातच नाहीत म्हटल्यावर टेकवणार काय? मोसमाच्या पहिल्या कार्यक्रमापर्यंत खुर्ची राखून ठेवतो, पुढे दुसरा वादक बघावा लागेल, असं वाद्यवृंदाच्या मास्तरांनी स्पष्ट सांगितलं होतं. काकाला दुसरं काहीच येत नाही. तो घाबरला होता आणि आम्हीही.

दातांच्या डॉक्टरीणबाईंना मी प्रश्न विचारून भंडावलं. काढ-घाल करायची कवळी लवकर होते, पण वाजवताना हलेल. हाडात स्क्रू बसवून त्यावर दात लावले तर सगळ्यात भक्कम, पण हाड जुळून यायला महिने जातील आणि मोसम निघून जाईल. राहिला ब्रिज, म्हणजे शेजारचे दात घासून त्यांच्या आधाराने मधले पक्के बसवायचे. शेजाऱ्यांचा काय गुन्हा, असं काकाने विचारलं खरं, पण अखेर तयार झाला.

आधी तात्पुरते दात बसवले. सरळ, एकसारखे, देखणे. काकू म्हणाली, सिनेमात घेतील. काकाने घाईघाईने क्लॅरिनेट तोंडाला लावलं आणि नुसती किंचाळी निघाली. पुन्हा फुंकलं, पुन्हा तेच. त्याने ते मांडीवर ठेवलं आणि खाली बघत बसला. मला त्याच्याकडे बघवेना.

ओठांना जुन्या दातांची सवय आहे, ते कसे होते ते दिसेल असा फोटो आणा, असं बाई म्हणाल्या. आम्ही घरातले सगळे अल्बम उपसले. प्रत्येक फोटोत काकाच्या तोंडात क्लॅरिनेट. लग्नाच्या फोटोत तेवढं नव्हतं, पण तोंड घट्ट मिटलेलं. तो म्हणे घाबरला होता. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाचे दात कुणी टिपलेच नव्हते.

हात हलवत बाईंकडे परत गेलो. काका बाईंशी बोलत असताना मी उगाच क्लॅरिनेटशी चाळा करत होते. माउथपीसच्या वरच्या बाजूवरून बोट फिरलं आणि अडलं. तिथे दोन खळगे होते.

“काका, हे काय?”

“झिजलंय ते. बदलायचंच होतं, राहून गेलं.”

बाई खुर्चीतून उठल्या. त्यांनी भिंग लावून पाहिलं, मग गुलाबी मेण मऊ करून त्या खळग्यांत हलकेच दाबलं आणि काढून तळहातावर ठेवलं. काकाच्या दोन दातांची टोकं वर आली होती. एक सरळ, दुसरं थोडं लांब आणि किंचित तिरकं.

काकू वाकून बघत राहिली. तिची चेष्टा कुठच्या कुठे गेली.

“हाच तो,” ती हळूच म्हणाली. “डावा. हसताना आधी तोच दिसायचा.”

पक्क्या दातांत तो सरळ करायचा का, असं बाईंनी विचारलं. काकाने काही म्हणायच्या आत काकूने सांगून टाकलं, “तिरकाच ठेवा.”

पक्के दात बसले त्या दिवशी काकाने दवाखान्यातच वाजवलं. पहिला सूर जरा थरथरला, दुसरा मात्र लांबवर गेला. बाहेर बसलेले पेशंट दारात येऊन उभे राहिले. काकूने डोळे पुसले. काका रुमाल न घेता हसला आणि मी पटकन फोटो काढला.

मग त्याने क्लॅरिनेट पेटीत ठेवलं आणि माझ्याकडे वळला. “मास्तरांना फोन लाव. सांग त्यांना, खुर्ची हलवू नका.”

‘सांग’मधल्या ‘स’ला शिट्टी वाजली नाही.