कार्डावरचे ठोके

मी माधुरी. पाथर्डी तालुक्यातल्या एका उपकेंद्राची नर्स. माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण सत्त्याण्णव साली दसऱ्यानंतरच्या एका दुपारी तेच तोंड उघडायला मला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासाची लाज मला अजून वाटते.

त्या दिवशी गावात ऊसतोडीचा ट्रक भरत होता. टोळीबरोबर निघालेल्या गरोदर बायका मी आधी तपासून घ्यायची. राजेश्वरीला सातवा महिना होता. तिची सासू लंकाबाई तिला घाईघाईनं घेऊन आली. मी पोटावर बाळाचे ठोके ऐकायची नळी लावली आणि त्या दिवशी, का कोण जाणे, दुसऱ्या हातानं तिचं मनगटही धरलं. मनगटात नाडी शहाऐंशी. नळीत ठोके छप्पन्न.

पुन्हा मोजले. छप्पन्नच. बाळाचे ठोके एकशेवीसच्या खाली गेले की आम्ही घाबरतो.

"हिचं गाठोडं ट्रकातून उतरवा. नगरला न्यायचं," मी म्हणाले.

"आन् कोयत्याचं काय?" लंकाबाई म्हणाली. "नवरा-बायकू मिळून एक कोयता. निम्मा कोयता मुकादम घेत न्हाई."

"मग मुकादमाला म्हणावं, तूच बाळंत हो."

नवरा कानिफनाथ ट्रकबरोबर गेला आणि आम्ही तिघी जीपनं निघालो. करंजीच्या घाटात राजेश्वरी घोटाघोटानं पाणी पीत होती. पाण्याशिवाय भाकरीचा घास तिच्या गळ्याखाली उतरायचा नाही, डोळ्यांत सारखे खडे टोचायचे. गावात बाया तिला 'कोरडी' म्हणून चिडवायच्या.

"जित्तं हाय ना वो ते?" तिनं विचारलं.

"लाथा मारतंय ना?"

"लई मारतंय."

"मग जित्तंच की," मी म्हणाले आणि ड्रायव्हरला जीप दामटायला सांगितलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी यंत्र लावलं. छप्पन्न. मग त्यांनी मी भरलेलं गरोदरपणाचं कार्ड हातात घेतलं.

"पाचव्या महिन्यात एकशेचाळीस. सहाव्यात एकशेचाळीस. आज छप्पन्न. सिस्टर, बाळ गुदमरतंय. आत्ताच्या आत्ता पोट उघडून काढायला हवं. दोन महिने आधी निघालेलं बाळ इथं जगेल, अशी खात्री मी देत नाही. पण आत ठेवलं तर नक्की जाईल." मग लंकाबाईला विचारलं, "आधीचं मूल?"

"एक हुतं. सातव्याच महिन्यात पोटात गेलं."

कागद पुढं आला, लंकाबाईनं अंगठा उठवला. राजेश्वरीला स्ट्रेचरवर घेतलं. आणि मी भिंतीला टेकून मुकी उभी.

कारण ती दोन्ही एकशेचाळीसं माझी होती. पाचव्या आणि सहाव्या महिन्यात मी नळी लावली, तेव्हाही ठोके असेच संथ आले होते. देवळाच्या ओसरीवर चाळीस बायका ताटकळत होत्या. मी समजले, ही आईची नाडी ऐकू येतेय. मनगट धरून खात्री करायला मिनिटही लागलं नसतं. मी एकशेचाळीस लिहून टाकलं. माझ्या सगळ्या कार्डांवर एकशेचाळीसच असायचं, कधी कुणी विचारलं नाही.

खरं बोलावं तर नोकरी जाणार. आमच्या वस्तीतली ती पहिली सरकारी नोकरी, आई-बापानं दगड फोडून मिळवून दिलेली. न बोलावं तर आत सुरी चालणार. मेली माझी जीभ, टाळ्याला चिकटून बसली.

स्ट्रेचर ऑपरेशनच्या दारात पोचलं तेव्हा मी आडवी आले.

"बाई, थांबा. ते एकशेचाळीस खोटं हाय."

"म्हणजे?"

"तेव्हाबी असेच होते. दोन्ही वेळा, साठच्या आत. मी आईची नाडी समजले आन् मनानं आकडा लिहिला."

त्यांनी स्ट्रेचर मागं फिरवलं आणि सोनोग्राफी करून घेतली. बाळ हलत होतं, छातीत कुठं पाणी साठलं नव्हतं, म्हणजे हृदय अजून थकलं नव्हतं. त्यांनी राजेश्वरीला डोळ्यांचं विचारलं, तोंडाचं विचारलं, आणि खुर्चीत बसल्या.

"हे गुदमरणं नाही," त्या म्हणाल्या. "आपल्या पेशींत 'रो' नावाचं एक प्रथिन असतं. हिचं रक्त त्यालाच शत्रू समजून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतंय. हिचे डोळे आणि तोंड कोरडं पडतं ते त्यामुळंच. ती नाळेतून बाळात उतरली आणि त्याच्या हृदयात ठोका पोचवणारी वाट बिघडली. या गतीवर ते दोन महिने जगलंय, अजूनही जगेल. आज काढलं असतं तर मीच मारलं असतं त्याला."

रक्त तपासायला मुंबईला गेलं आणि त्यांचं खरं निघालं. बऱ्याच वर्षांनी एका शिबिरात ऐकलं, की त्या 'रो'मधल्याच एका प्रथिनाला आता ट्रिम एकवीस म्हणतात, आणि पेशीत घुसलेला विषाणू पकडणं हे त्याचं काम. गल्लीतल्या गुरख्यालाच चोर समजून बडवावं, तशी गत.

बाईंनी माझ्याकडून आकडे खोडून घेतले, खरं लिहून सही घेतली. "वर कळवावं लागेल," म्हणाल्या.

"कळवा."

राजेश्वरी स्ट्रेचरवर पडून सगळं ऐकत होती. मी जवळ जाऊन तिचा हात धरला.

"सिस्टर, पयल्या पोराच्या येळचं कार्डबी तुमीच भरलं हुतं ना?"

"हो."

"त्येच्यावर काय लिवलं हुतं?"

"एकशेचाळीस."

"आन् ऐकलं काय हुतं?"

मला आठवत नव्हतं. कितीही डोकं खाजवलं तरी आठवेना. तिला तेच सांगितलं. तिनं हात सोडवून घेतला आणि भिंतीकडं तोंड केलं.

मुलगी नवव्या महिन्यात झाली. ठोके चोपन्न, पण रडणं अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाणारं. हे मला शेजारच्या उपकेंद्राच्या सिस्टरनं सांगितलं. माझी चौकशी झाली, नोकरी राहिली. राजेश्वरी लेकीला लस टोचायला त्या सिस्टरकडं न्यायची, माझ्या दारावरून पुढं तीन कोस चालत.